भेटवस्तूंचं दुकान, नंबर १०१

या वीकांताचा विषय जरा वेगळा. स्टेशनरीचं दुकान.

डिसेंबर किंवा फेब्रुवारीत कुठल्याही शहरात कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानासमोरून चालत जा. अकरा महिने जिथे झेरॉक्सच्या कागदाचे रिम, लेजर आणि खाकी कव्हरांचे रोल धूळ खात पडलेले असतात, तिथे काचेमागे अचानक लाल कागद, सोनेरी रिबिनी, टेडी आणि 'तुझ्यासाठी' छापलेले मग अवतरतात. मुलांच्या मुंजी-वाढदिवसांच्या मोसमात तिथेच कंपासपेट्या आणि रंगपेट्यांचे मनोरे रचले जातात. मला नेहमी प्रश्न पडायचा, की हे काम स्टेशनरीवाल्याकडेच का आलं? भेटवस्तू तर भांडीवालाही विकतो, कापडवालाही विकतो. पण कुणाला काय द्यावं हे सुचेनासं झालं की पाय वळतात ते कागद-पेन्सिली विकणाऱ्याच्या दारात. पुठ्ठा, शाई आणि डिंक विकणारा माणूस प्रेम, मैत्री आणि आठवण यांचा अधिकृत विक्रेता कधी झाला?

उत्तराचा एक मोठा तुकडा लंडनमध्ये, स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर, १०१ नंबरच्या दुकानात सापडतो. पण तिथे जाण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात, एक शब्दाबद्दल आणि एक काचेबद्दल.

'स्टेशनरी'चा आणि रेल्वे स्टेशनचा संबंध आहे आणि तो गमतीचा नाही, खराच आहे. दोन्हींचं मूळ लॅटिन, अर्थ 'एका जागी उभं राहणं'. मध्ययुगात बहुतेक विक्रेते डोक्यावर किंवा पाठीवर माल घेऊन हिंडायचे. विद्यापीठांच्या आसपास मात्र पुस्तकं आणि नकला पुरवणारे काही लोक एका ठरलेल्या जागी बसायचे. ते 'स्टेशनर'. म्हणजे फेरीवाला नसलेला, ठिय्या मारून बसलेला. पुढे पुस्तकविक्रेते वेगळे झाले आणि कागद, शाई, बोरू विकणाऱ्याकडे ते नाव राहिलं. आता, जो ठिय्या मारून बसतो त्याला एक अडचण असते. तो गिऱ्हाइकाच्या दारात जात नाही, गिऱ्हाईक त्याच्या दारात यायला हवं. थोडक्यात, दर्शनी भाग सजवण्याची गरज त्या शब्दातच आहे.

काचेचं म्हणाल तर अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये खिडकीची काच बनायची ती फुंकनळीवर गोळा फुगवून आणि तो गरगर फिरवून. फिरता फिरता त्याची मोठी, पातळ चकती व्हायची. त्या चकतीतून चौकोनी तुकडे कापायचे. मधोमध गाठ राहिलेली असल्यामुळे मोठा सलग तुकडा निघायचाच नाही. ओतून आणि घासून केलेली मोठी जाड काच मिळायची, पण तिची किंमत ऐकून दुकानदाराला घाम फुटायचा. त्यात सरकार काचेवर वजनाप्रमाणे कर घ्यायचं, तो रद्द झाला थेट १८४५ साली. त्यामुळे दुकानाची दर्शनी खिडकी म्हणजे लाकडी पट्ट्यांत बसवलेले छोटे छोटे चौकोन. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत असायचे तसेच.

ही अडचण कापडवाल्याला अडचणच होती. साडीएवढं कापड त्या चौकोनांतून तुकड्या-तुकड्यांत दिसणार. पण छापील चित्रं विकणाऱ्यांच्या लक्षात आलं, की अरे, हे तर आयते फोटोफ्रेम आहेत! एका चौकोनात एक चित्र. चाळीस चौकोन असतील तर चाळीस चित्रं, म्हणजे रस्त्यावर फुकट प्रदर्शन. (आज आपण ज्याला थंबनेल गॅलरी म्हणतो तिचा लेआऊट काच कारखान्याने ठरवला, डिझायनरने नव्हे. आमच्या धंद्यातही बहुतेक 'डिझाइन डिसिजन' असेच झालेले असतात, फक्त नंतर त्यांना तत्त्वज्ञान चिकटवलं जातं.)

या खिडक्यांमधली सगळ्यात गाजलेली हॅना हम्फ्री या बाईंची, सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ नंबरला. जेम्स गिलरे हा त्या काळचा सर्वांत जहरी व्यंगचित्रकार, तो त्याच दुकानाच्या वर राहायचा. राजा, पंतप्रधान, राजपुत्राच्या भानगडी, नेपोलियन, सगळे त्या चौकोनांत टांगलेले. ज्याला विकत घ्यायला परवडत नाही तोही बाहेर उभं राहून बघणार. गिलरेने १८०८ साली एक मजेशीर चित्र केलं. पुढे निसरड्या फरसबंदीवर एक गृहस्थ धाडकन आपटलेत, आणि मागे दुकानाच्या खिडकीला नाक लावून उभ्या असलेल्या लोकांना त्याचा पत्ताच नाही. खिडकीतली चित्रंही ओळखू येतील इतकी नीट काढली आहेत. म्हणजे दुकानाच्या खिडकीची जाहिरात, त्याच खिडकीत लावायला. याला म्हणतात रिकर्जन :)

पण या खिडकीचा एक तोटा होता. बाहेर गर्दी, गर्दीत पाकीटमार, चित्रं चावट. घरंदाज बाईने मुलीला घेऊन आत शिरावं असं ते ठिकाण नव्हे. बघणारे शंभर आणि घेणारे पाच. ई-कॉमर्समध्ये काम करणाऱ्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको.

आता आपला नायक. रुडॉल्फ आकरमान, इंग्रजांच्या तोंडी ॲकरमन. जन्म १७६४, जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या श्टोलबर्ग या लहान गावी. बाप खोगीर बनवणारा. मुलगाही तेच शिकला, मग त्यातून घोडागाड्यांच्या डिझाइनकडे वळला आणि काम शोधत शोधत १७८० च्या दशकात लंडनला पोचला. श्रीमंतांच्या गाड्यांची डिझाइनं काढून त्याने नाव कमावलं. १७९५ मध्ये त्याने स्ट्रँडवर छापील चित्रांचं दुकान काढलं आणि लवकरच त्याच रस्त्यावर १०१ नंबरच्या मोठ्या जागेत गेला. तिथे आधीपासून चित्रकलेचे वर्ग चालत. त्याने तेही चालू ठेवले. दुकानाला नाव दिलं 'रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स', कलेचं कोठार. नाव भारदस्त होतं, पण मालाची यादी बघितली तर आपल्या ओळखीची आहे: कागद, रंग, ब्रश, पेन्सिली, चित्रं, सोनेरी किनारी, उठावाच्या नक्षीचे कागद, पुठ्ठ्याच्या पेट्या. अप्पा बळवंत चौकातला माणूस तिथे नेऊन सोडला तर पाच मिनिटांत रुळेल.

इथे थोडी रंगपेटीची गोष्ट. जलरंग घोटण्याचं काम आधी चित्रकाराला स्वतः करावं लागे. १७८० च्या सुमाराला विल्यम रीव्ह्ज याने तयार, घट्ट वड्यांच्या रूपात जलरंग आणले. ब्रश ओला करा आणि सुरू करा. आज शाळेत वापरतो तेच. त्यामुळे चित्रं काढणं हे कारागिराचं काम न राहता घरी बसून करता येण्यासारखा छंद झाला, विशेषतः सुखवस्तू घरांतल्या मुलींचा. ॲकरमननेही स्वतःच्या नावाच्या रंगवड्या बाजारात आणल्या आणि त्या कशा वापरायच्या याचं पुस्तकही छापलं. पण त्याचं खरं डोकं दिसतं ते पुढच्या गोष्टीत. त्याने ओळखलं, की ज्या मुलीने रंगपेटी घेतली आहे तिला आता रंगवायला काहीतरी *वस्तू* हवी. कागदावर चित्र काढून ते ठेवायचं कुठे?

म्हणून तो अर्धवट वस्तू विकायला लागला. कोरे पंखे. शेकोटीची झळ तोंडाला लागू नये म्हणून हातात धरायचे छोटे पडदे. भेटीची कार्डं खोचून ठेवायचे रॅक. पांढऱ्या लाकडाच्या डब्या. सोबत नकलेसाठी चित्रं, आणि तीही विकत नको असतील तर भाड्याने. घरी न्या, रंगवा, आणि मावशीला, मैत्रिणीला द्या. आज 'डीआयवाय किट' म्हणून जे विकलं जातं ते हेच.

मला वाटतं, स्टेशनरीवाला भेटवस्तूवाला झाला तो या क्षणी. कारण त्याने एक जुनं कोडं सोडवलं. विकत घेतलेली भेट ही थोडी लाजिरवाणी असते, तिच्यात किंमत दिसते पण माणूस दिसत नाही. आणि पूर्ण हाताने केलेली भेट करायला कौशल्य लागतं, जे बहुतेकांकडे नसतं. मधला मार्ग म्हणजे ऐंशी टक्के तयार वस्तू विकत घ्यायची आणि वीस टक्के स्वतःचे हात लावायचे. घेणाऱ्याला ते वीस टक्केच दिसतात. हे भांडीवाल्याला जमण्यासारखं नव्हतं. कोरी जागा विकण्याचा धंदा मुळात कागदवाल्याचाच.

पण ज्यांना स्वतः रंगवायचं नव्हतं त्यांच्यासाठी तयार मालही होता. तो कोण बनवत होतं? फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाल्यावर हजारो सरदार, धर्मगुरू आणि त्यांच्या बायका-मुली जीव वाचवून लंडनला पळून आल्या होत्या. जमिनी गेल्या, पदव्यांना किंमत उरली नाही, बाजारात विकण्याजोगं एकच कौशल्य शिल्लक होतं: लहानपणी शिक्षिकेने शिकवलेलं नाजूक चित्रकाम. ॲकरमनने त्यांना कामाला लावलं. एका वेळी पन्नासच्या आसपास माणसं त्याच्यासाठी पडदे, कार्डरॅक आणि फुलदाण्या रंगवत असत.

हा भाग वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो होतो. एकीकडे हे सरळ सरळ भलं काम वाटतं. स्वतः निर्वासित नसला तरी परदेशातून रिकाम्या हाताने आलेला कारागीर, दुसऱ्या परदेशी माणसांना भीक न घालता काम देतोय. आणि दुसरीकडे, ज्या बाईकडे दहा वर्षांपूर्वी असे शंभर पडदे आयते यायचे, ती आता नगावर पैसे घेऊन ते दुसऱ्यांच्या दिवाणखान्यासाठी रंगवतेय. शिवाय दुकानदाराला त्यात फायदाही आहे, 'फ्रेंच सरदारणीच्या हातचं' ही गोष्ट स्ट्रँडवर खपणारी होती. माझं मत विचाराल तर ॲकरमनच्या बाजूने आहे. काम देणं आणि त्यात नफा कमावणं यांत मला विसंगती दिसत नाही. पण खिडकीत मांडलेल्या वस्तूच्या मागे कोण बसलंय हे खिडकीतून दिसत नाही, तेवढं मात्र खरं.

आणि सरदारणींची निदान आठवण तरी राहिली. ॲकरमनच्या पुस्तकांतली चित्रं रंगवणाऱ्यांचं तसं झालं नाही. १८०८ ते १८१० दरम्यान त्याने लंडनच्या इमारती आणि जीवनावर 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' हे पुस्तक हप्त्या-हप्त्याने काढलं. इमारती ऑगस्टस प्युजिनने काढल्या, माणसं थॉमस रोलंडसनने. चित्रं १०४. ती तांब्याच्या पत्र्यावरून छापली जायची, पण रंग? रंग हाताने, प्रत्येक प्रतीवर. हजार प्रती धरा, म्हणजे एक लाख चार हजार चित्रं माणसांनी ब्रशने रंगवली. टेबलाभोवती रांगेत बसायचं, नमुन्याचं चित्र समोर, एकाने आकाश मारायचं, दुसऱ्याने भिंती, तिसऱ्याने कोटांचा लाल. असेंब्ली लाइन म्हणतात ती हीच. प्युजिन आणि रोलंडसनची नावं पुस्तकात आहेत, आकाश मारणाऱ्यांची नाहीत.

असो. खिडकीकडे परत येऊ या.

ॲकरमनने सुरुवातीला व्यंगचित्रंही विकली, पण हळूहळू दुकानाचा रोख बदलला. हम्फ्रीबाईंच्या खिडकीसमोर टोळकं जमायचं. याला हवे होते दारातून आत येणारे लोक. १८०९ च्या जानेवारीत त्याने दुकानाच्याच नावाचं मासिक सुरू केलं, ते १८२८ पर्यंत चाललं. पहिल्याच अंकात दुकानाच्या आतल्या भागाचं रंगीत चित्र: उंच छत, भिंतीभर चित्रं, टेबलावर मोठे फोल्डर उघडून बघणाऱ्या टोप्या घातलेल्या बायका. सगळं कसं निवांत, सभ्य. त्या मासिकात फॅशनची चित्रं होती, फर्निचरची होती, आणि एक अफलातून गोष्ट होती: एका पानावर कोरीव चौकटीत खऱ्या कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असत. खरं कापड! बोटाने चाचपून बघा, आवडलं तर अमुक दुकानात मिळेल. म्हणजे याने दुकानाची खिडकी काढली आणि पोस्टाने खेड्यातल्या बंगल्यांत पाठवली. दोनशे वर्षांनंतरही ते तुकडे काही प्रतींत जसेच्या तसे आहेत. ऑनलाइन कपडे घेऊन परत पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना अजून स्क्रीनवर कापड चाचपता येत नाही.

त्यानंतर प्रकाश. स्ट्रँडवर हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो आणि भेटवस्तूंचा मोसम नेमका तोच. तेलाचे दिवे धुरकट, मेणबत्त्या महाग, आणि दुकानभर कागद! १८१० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲकरमनने दुकानात आणि कारखान्यात गॅसचे दिवे लावले. गॅस कंपनीची पाइपलाइन रस्त्यातून यायची वाट न बघता त्याने आपल्याच आवारात भट्टी बसवली, कोळसा तापवून गॅस काढायचा आणि नळ्यांनी फिरवायचा. कामाचा माणूस होता सॅम्युअल क्लेग, गॅस अभियांत्रिकीतलं मोठं नाव. मग या गड्याने त्या प्रयोगाचंही पुस्तक केलं. म्हणजे फ्रेडरिक ॲकुम या रसायनशास्त्रज्ञाने १८१५ साली गॅसच्या दिव्यांवर ग्रंथ लिहिला, तो छापला ॲकरमनने, आणि त्यात ॲकरमनच्याच दुकानातल्या गॅसचा जमाखर्च उदाहरणादाखल दिला. नवीन तंत्रज्ञान आधी स्वतः वापरायचं, मग त्याची केस स्टडी करून विकायची. हा माणूस आज आमच्या कंपनीत सेल्सला असता तर आम्हा सगळ्यांचे शनिवार-रविवार गेले असते.

पण त्याच्या खिडकीचा सगळ्यात मोठा दिवस भेटवस्तूंशी संबंधित नव्हता. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगला नेपोलियनचा दारुण पराभव झाला. बातमी लंडनला पोचायला नोव्हेंबर उजाडला. त्या काळी विजयाची बातमी आली की शहरभर रोषणाई करायची पद्धत होती. दुकानदार दर्शनी भागात 'ट्रान्स्परन्सी' लावत, म्हणजे पातळ कापडावर पारदर्शक रंगांनी चित्र काढायचं आणि मागे दिवे ठेवायचे. रात्री चित्र झळाळून उठतं. आपल्याकडच्या गणपतीच्या आरासीत मागून दिवे लावलेले पडदे असायचे, जवळपास तसंच. ५ आणि ६ नोव्हेंबरच्या रात्री ॲकरमनच्या दुकानावर रोलंडसनने काढलेलं चित्र झळकलं: एका बाजूला तोफेवर बसलेला मृत्यू, सांगाडाच, आणि समोर ढोलावर बसलेला नेपोलियन, हनुवटी हातांवर. 'दहशतीचे दोन राजे'. दोघं एकमेकांकडे टक लावून बघतायत. मागे रणांगण.

नुसती देशभक्ती म्हणून हे सोडून देता येत नाही. ॲकरमन चारच वर्षांपूर्वी, १८०९ मध्ये, कायदेशीररीत्या ब्रिटिश नागरिक झाला होता. आणि लाइपझिग सॅक्सनीत, त्याच्या स्वतःच्या मुलुखात. लढाई जिंकली होती, पण ती ज्या गावांच्या अंगणांत लढली गेली ती गावं जळून गेली होती. सॅक्सनीचा राजा तर नेपोलियनच्या बाजूचा, त्यामुळे विजेत्यांना त्यांची फार कणव असायचं कारण नव्हतं. ॲकरमनने रोषणाई उतरवली आणि वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. तिथल्या लोकांसाठी लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या मदतसमितीचा तो प्राण होता, पत्रव्यवहार आणि पैशांचं वाटप यात त्याने अक्षरशः रात्री घालवल्या. लोकांनी पैसे दिले आणि पार्लमेंटनेही एक लाख पौंड मंजूर केले. ज्या खिडकीत सांगाडा झळकला त्याच दुकानातून जळलेल्या गावांसाठी पैसे गेले. मला या माणसाबद्दल जे प्रेम वाटतं ते गॅसच्या दिव्यांमुळे नाही, यामुळे.

आता भेटवस्तूंच्या गोष्टीचा कळस. नोव्हेंबर १८२२. ॲकरमनने एक छोटं पुस्तक बाजारात आणलं, नाव 'फरगेट मी नॉट', सालाचा आकडा मात्र पुढचा, १८२३. जर्मनीत अशी खिशात मावणारी वार्षिकं आधीपासून निघत होती, कल्पना तिथली. कविता, गोष्टी, कोरीव चित्रं, वर नक्षीदार पुठ्ठा आणि आत सरकवायला तशीच पुठ्ठ्याची पेटी. किंमत बारा शिलिंग. शेतमजुराची आठवड्याची कमाई तेव्हा दहा शिलिंगच्या आसपास असायची, त्यावरून गिऱ्हाईक कोण ते ओळखा. पहिल्या अंकात त्याला अजून खात्री नव्हती असं दिसतं, कारण कवितांच्या मागे युरोपातल्या राजघराण्यांच्या वंशावळी आणि १८२१ च्या जनगणनेचे आकडेही ठेवून दिले होते. प्रेमाची भेट, सोबत जिल्हावार लोकसंख्या! पुढच्या अंकांतून ते गेलं, राहिल्या कविता.

या पुस्तकाचं खरं वैशिष्ट्य आत काय आहे यात नव्हतं. ते *देण्यासाठी* केलेलं पुस्तक होतं. अशा वार्षिकांत सुरुवातीलाच एक सुंदर नक्षीचं पान असायचं, मधोमध कोरी जागा, कुणाकडून कुणाला ते लिहायला. पुन्हा तीच युक्ती. ऐंशी टक्के छापील, आणि एक चौकोन तुमच्या हस्ताक्षरासाठी. कार्डरॅक रंगवायला दोन दिवस लागायचे, इथे दोन ओळींत काम भागलं.

आणि धंदा फुटला. १८२० च्या दशकात पोलादी पत्र्यावर कोरीवकाम करायचं तंत्र रुळलं. तांब्याचा पत्रा काहीशे प्रतींत झिजायला लागतो, पोलादाचा हजारोंना पुरतो. म्हणजे तेवढ्याच बारीक कामाचं चित्र आता हजारो लोकांना देता येणार. लगोलग नकला निघाल्या: 'फ्रेंडशिप्स ऑफरिंग', 'लिटररी सुव्हेनिर', रेशमात बांधलेलं 'कीपसेक'. वॉल्टर स्कॉटसारख्या लेखकाला 'कीपसेक'ने पाचशे पौंड मोजले. दशक संपेपर्यंत नाताळच्या आधी दुकानांच्या खिडक्या अशा डझनावारी वार्षिकांनी भरायला लागल्या. टीकाकारांनी अर्थात नाकं मुरडली. थॅकरेने यथेच्छ टर उडवली. जॉर्ज इलियटच्या 'मिडलमार्च'मध्ये एक पोरगा रोझमंडला 'कीपसेक' दाखवून छाप पाडायला बघतो आणि डॉक्टर लिडगेट ते उचलून त्याची खिल्ली उडवतो. मजा अशी, की खिल्ली उडवणारा लिडगेट पुढे त्याच रोझमंडच्या संसारात कर्जबाजारी होतो.

कविता बऱ्याचशा गुळगुळीत होत्या हे मान्य. पण या वार्षिकांनी लेखकांना, आणि त्यातही बायकांना, रोख पैसे दिले. एल. ई. एल. या सहीने लिहिणाऱ्या लेटिशिया लँडनसारखीला त्यावर घर चालवता आलं. आणि सणाच्या तोंडावर येणारं, अनेकांच्या लेखनाचं, चित्रांनी सजलेलं, विकत घेऊन दुसऱ्याला द्यायचं जाडजूड पुस्तक, हे वर्णन मराठी माणसाला ओळखीचं वाटत नसेल तर नवल. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा नमुना म्हणून डोळ्यासमोर इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक होते. ॲकरमनपासून तिथपर्यंत सरळ रेघ ओढायचा माझा आग्रह नाही. पण घराणं एकच आहे, चुलत-चुलत म्हणा हवं तर.

ॲकरमन एवढ्यावर थांबला नाही, आणि इथे तो फसला. दक्षिण अमेरिकेतले देश तेव्हा स्पेनपासून सुटत होते. त्याने स्पॅनिश पुस्तकं छापायला घेतली, लंडनमध्ये आश्रयाला आलेल्या स्पॅनिश लेखकांकडून (पुन्हा निर्वासित!) लिहून घेतली आणि मेक्सिको आणि इतर ठिकाणी दुकानं काढली. 'फरगेट मी नॉट'ची स्पॅनिश बहीणही निघाली, 'नो मे ओल्विदेस', संपादक होसे होआकिन दे मोरा. नवीन देशांच्या शाळांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपातली भूगोल-विज्ञानाची पुस्तकंही त्याने पुरवली. पण तिकडे पैशांची वसुली होईना, कर्जरोखे बुडाले आणि बराच तोटा सोसावा लागला. १८२७ मध्ये दुकान ९६ नंबरच्या नव्या इमारतीत गेलं. १८३४ साली तो वारला. मुलांनी धंदा पुढे नेला. 'फरगेट मी नॉट' १८४७ पर्यंत निघत राहिलं, तोवर फॅशन ओसरली होती. १८४३ मध्ये हेन्री कोलने छापून घेतलेलं नाताळचं भेटकार्ड एका शिलिंगला मिळत होतं, आणि पुढे तर कार्डं पेनीवर आली. बारा शिलिंगांच्या पुस्तकाचं काम एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने केलं, कोऱ्या जागेसकट. १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला, खिडक्यांमधल्या लाकडी पट्ट्या निघायला लागल्या आणि एकसंध मोठ्या काचा आल्या. मोठ्या काचेमागे काय मांडायचं हा मग मोठ्या दुकानांचा खेळ झाला. छोट्या दुकानाची चौकोनांची मक्तेदारी गेली.

जाता जाता आपल्या गावचं. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले नावाचा मुंबई लष्करातला एक कॅप्टन. पश्चिम भारतात नोकरी करताना त्याने भरपूर रेखाटनं केली. १८२६ साली त्यांचा रंगीत चित्रसंग्रह हप्त्या-हप्त्याने निघायला सुरुवात झाली, आणि पहिले हप्ते निघाले ते आपल्या ॲकरमनकडून. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, वेरूळचं कैलास लेणं आहे, बोरघाटाची वाट आहे. आणि एक चित्र आहे मुंबई बंदरावर चाल करून येणाऱ्या पावसाचं: काळा ढग, उसळलेलं पाणी, हेलकावणाऱ्या होड्या. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात मरीन ड्राइव्हवर उभं राहून आपण जे बघतो ते लंडनच्या त्या दुकानात कुणीतरी ब्रशने राखाडी रंग देऊन वाळत घातलं होतं.

पुस्तक पूर्ण व्हायच्या आतच ग्रिंडलेने भारतात जाणाऱ्या-येणाऱ्यांची व्यवस्था बघणारी एक एजन्सी काढली. तिची पुढे बँक झाली, ग्रिंडलेज. फोर्टमध्ये ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत त्यांना ती पाटी आठवत असेल. २००० साली स्टँडर्ड चार्टर्डने ती बँक विकत घेतली. आता कधी त्या जुन्या चेकबुकाचं कव्हर घरात सापडलं तर फेकू नका.